गावची बातमी कोण लिहितं?

गावाकडची शेवटची बातमी तुम्हाला कुठून कळली? बहुतेकांचं उत्तर एकच असणार, व्हॉट्सअॅपवरून. चुलतभावानं ग्रुपवर कात्रणाचा फोटो टाकला, कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले, आणि आपण आपापल्या कामाला लागलो. कात्रणात वरचं वृत्तपत्राचं नाव कापलं गेलेलं असतं. खाली बातमी देणाऱ्याचं नाव बहुधा नसतंच. ‘वार्ताहर’ किंवा ‘प्रतिनिधी’ एवढंच छापलेलं असतं. हा लेख त्या ‘वार्ताहर’ शब्दामागच्या माणसाविषयी आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. आपण इथे बहारीनमध्ये पोटापाण्यासाठी आलेली माणसं. इथल्या घडामोडींवर भाष्य करणं हे आपल्या अंकाचं काम नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी लिहितेय ते आपल्या मुलखाबद्दल. ज्या मुलांना मराठी वाचायला जड जातं त्यांना आईबाबांनी हे वाचून दाखवावं, कारण यातला बराचसा भाग मुलांशीच बोलण्यासाठी आहे.

पत्रकार मारला गेला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे युद्ध उभं राहतं. हेल्मेट, निळं जाकीट, त्यावर ‘प्रेस’ अशी मोठी अक्षरं. ते खोटं नाही. न्यूयॉर्कच्या ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ या संस्थेनं २०२४ या एका वर्षात जगभरात किमान १२४ पत्रकार आणि माध्यम कर्मचारी मारले गेल्याची नोंद केली. ही संस्था तीस वर्षांहून अधिक काळ मोजदाद करते आहे. तोवरचा हा सगळ्यात मोठा आकडा होता. त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त मृत्यू इस्रायलच्या हल्ल्यांतले. ती दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहेत, त्यावर मी निराळं काय सांगणार.

पण राजापूर तालुका कुणी नकाशावर ‘अशांत प्रदेश’ म्हणून रंगवणार नाही. तिथे गंगा प्रकटते, धूतपापेश्वराचं देऊळ आहे, आंबा-काजूच्या बागा आहेत, आणि पावसाळ्यात अर्जुनेचं पाणी बाजारपेठेत शिरलं की तेवढ्यापुरतं गावाचं नाव बातम्यांत येतं. गेली काही वर्षं ते आणखी एका कारणानं येत राहिलं, रिफायनरी. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा, ३ लाख कोटी रुपयांचा प्रकल्प आधी नाणारला होणार होता. लोकांनी विरोध केला, २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. २०२२ मध्ये त्याच तालुक्यातल्या बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं आणि वाद पुन्हा पेटला.

या वादावर लिहिणाऱ्यांत शशिकांत वारिशे नावाचे एक बातमीदार होते. ‘महानगरी टाइम्स’साठी राजापूरहून बातम्या द्यायचे. सोमवार, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची एक बातमी छापून आली. रिफायनरीचा समर्थक आणि जमिनीचे व्यवहार करणारा पंढरीनाथ आंबेरकर याच्यावर गुन्हे दाखल असूनही तो बॅनरवर थेट पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांच्या फोटोंसोबत झळकतो आहे, असा त्या बातमीचा आशय. त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास वारिशे दुचाकीवर असताना राजापूरजवळ महामार्गावर, एका पेट्रोल पंपापाशी, थार गाडीनं त्यांना धडक दिली आणि फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात ते गेले. वय ४८. मागे म्हातारी आई आणि कॉलेजच्या वयाचा मुलगा.

गाडी आंबेरकरचीच होती आणि त्याला अटक झाली. आधी गुन्हा नोंदवला गेला तो सदोष मनुष्यवधाचा. राज्यभरातल्या पत्रकारांनी आवाज उठवल्यावर खुनाचं कलम लागलं, विशेष तपास पथक नेमलं गेलं. दोष ठरवण्याचं काम न्यायालयाचं आहे, ते मी माझ्याकडे घेत नाही. मला अस्वस्थ करतं ते सकाळ आणि दुपार यांच्यातलं अंतर. सकाळी लोकांच्या हातात पेपर पडला आणि दुपारच्या जेवणाच्या आत तो लिहिणारा रस्त्यावर पडला होता.

मुंबई-दिल्लीचा शोधपत्रकार ज्याच्याविरुद्ध लिहितो तो माणूस बहुधा त्याच्यापासून लांब असतो. मध्ये वकील असतात, स्वीय सचिव असतात, संपादक असतो, ऑफिसच्या दाराशी रखवालदार असतो. तालुक्याच्या वार्ताहराच्या मध्ये काहीच नसतं. ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो त्याच पंपावर डिझेल भरतो, त्याच टपरीवर चहा पितो, गावच्या लग्नात दोघं एकाच पंगतीत बसतात. त्याला याचं घर माहीत, मुलाचं कॉलेज माहीत, गाडीचा नंबर माहीत. ओळख हीच तिथली सगळ्यात मोठी जोखीम आहे.

गडचिरोलीला लागून छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा आहे. तिथे मुकेश चंद्राकार नावाचा तरुण पत्रकार होता. ‘बस्तर जंक्शन’ हा त्याचा यूट्यूब चॅनल. २०२१ मध्ये माओवाद्यांनी पकडून नेलेल्या जवानाला सोडवून आणणाऱ्यांबरोबर तो जंगलात गेला होता. म्हणजे बंदुकांच्या मधोमध जाऊन जिवंत परत आलेला माणूस. त्याचा घात झाला तो एका रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी दिल्यावर. १ जानेवारी २०२५ ला तो बेपत्ता झाला आणि दोन दिवसांनी ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये मृतदेह सापडला. अटक झालेला तो ठेकेदार त्याच्या नात्यातलाच. ज्या प्रदेशाला सगळं जग अशांत म्हणतं तिथेसुद्धा पत्रकाराला सगळ्यात जास्त भीती होती ती डांबर आणि खडीच्या हिशेबाची.

मोठ्या शहरात पत्रकार सुरक्षित असतो असं मात्र कुणी समजू नये. ‘मिड-डे’चे ज्योतिर्मय डे यांना ११ जून २०११ रोजी भर दिवसा पवईत मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या. गुन्हेगारी जगतावर लिहिणारा नावाजलेला पत्रकार, देशाची आर्थिक राजधानी, रस्त्यावर उतरलेले शेकडो पत्रकार, पुढे सीबीआय. एवढं सगळं पाठीशी असूनही निकाल यायला २ मे २०१८ उजाडलं. छोटा राजन आणि इतर आठ जणांना जन्मठेप झाली. त्याच खटल्यात जिग्ना व्होरा या पत्रकार महिलेला आरोपी केलं गेलं होतं. तिनं अनेक महिने तुरुंगात काढले आणि शेवटी ती निर्दोष सुटली. डे यांच्या प्रकरणात निकाल तरी लागला. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २००६ पासून जगात झालेल्या पत्रकारांच्या हत्यांपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणांची तड लागलेली नाही. दिवाळीच्या आगेमागे येणारा २ नोव्हेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी याच गोष्टीची आठवण म्हणून ठरवला आहे. २०१३ मध्ये त्या दिवशी मालीमध्ये दोन फ्रेंच पत्रकारांना पळवून नेऊन मारलं होतं.

आता पैशांचं बोलू, कारण त्याशिवाय हा विषय कळत नाही. तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो. थोडंफार मानधन, तेही कधी मिळतं कधी नाही. खरी कमाई असते जाहिरातींच्या कमिशनवर. पुढाऱ्याचा वाढदिवस, गणपती, दिवाळी, ग्रामपंचायतीची निवडणूक, अशा प्रत्येक वेळी पुरवणी निघते आणि तिच्या जाहिराती गोळा करायच्या असतात त्याच माणसानं. जाहिरात कोण देणार? ठेकेदार, जमीनवाला, पतसंस्थेचा अध्यक्ष, शिक्षणसम्राट. म्हणजे सोमवारी ज्याच्याकडे हात पसरायचा त्याच्याविषयी मंगळवारी खरं लिहायचं. (हसू नका. आपला हा अंकही जाहिरातींवरच निघतो. फरक एवढाच की आपल्याला कुणाविरुद्ध काही लिहायचं नसतं.) अशा परिस्थितीत बरेच वार्ताहर गप्प राहायला शिकतात, काही जण गप्प राहण्याचे पैसे घ्यायला शिकतात, आणि ते आपण सगळे जाणतो. ‘पत्रकार म्हणजे ब्लॅकमेलर’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जो हे दोन्ही करत नाही तो माणूस मग किती एकटा पडत असेल, याचा विचार आपण करत नाही.

कायदा आहे. महाराष्ट्रानं एप्रिल २०१७ मध्ये पत्रकार आणि माध्यमसंस्थांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला, देशात असा पहिलाच. हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१९ उजाडलं. छत्तीसगडच्या विधानसभेनंही मार्च २०२३ मध्ये पत्रकार सुरक्षेचं विधेयक मंजूर केलं होतं. दोन्हीकडे पुढे काय झालं ते वर आलंच आहे. आपल्या कायद्यात संरक्षण आहे ते माध्यमसंस्थेनं नियमित किंवा करारानं नेमलेल्या माणसाला. ज्याच्याकडे नेमणुकीचा कागदच नाही, ज्याला पेपरवाले बातमी हवी असली की ‘आमचा प्रतिनिधी’ म्हणतात आणि प्रकरण अंगाशी आलं की ‘आमचा कुणी नाही’ म्हणतात, त्यानं पोलीस ठाण्यात काय दाखवायचं? मोबाइलवर चॅनल चालवणाऱ्या मुलानं काय दाखवायचं? माझ्या मते या कायद्यातली पहिली दुरुस्ती इथेच व्हायला हवी. शिक्षा तीनाऐवजी सात वर्षं केली म्हणून काही बिघडणार नाही, पण सुधारणारही नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं असेल, पण बहारीनमध्ये बसून आम्ही काय करणार? आमचा काय संबंध?

संबंध जमिनीचा आहे. बुदैयाच्या बागेत हिवाळ्यात शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे मेथी-कोथिंबीर घेता घेता आपली माणसं भेटतात आणि दहा मिनिटांत विषय गावच्या जमिनीवर जातो. सामाईक सातबारा, आजोबांच्या नावावरून अजून न झालेली वारसनोंद, कुणाला तरी दिलेलं मुखत्यारपत्र, आणि ‘पडीक कातळ आहे, कशाला ठेवताय, चांगलं गिऱ्हाईक आहे’ असा फोन. नाणारच्या वेळी आणि बारसूच्या वेळीही एक आरोप सारखाच झाला, की प्रकल्पाची चाहूल लागताच बाहेरच्या लोकांनी गावकऱ्यांकडून स्वस्तात जमिनी घेऊन ठेवल्या. आरोप खरा किती हे शोधायचं तर फेरफार काढावे लागतात, तारखा जुळवाव्या लागतात, कोणाच्या नावामागे कोण आहे ते विचारावं लागतं. तलाठी कार्यालयात जाऊन हे कोण करणार? आपण नाही. आपण वर्षातून एकदा पंधरा दिवस जातो, त्यातले तीन दिवस लग्नात आणि चार दिवस आजारी माणसांना भेटण्यात जातात. ते काम वार्ताहर करतो. सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे तो परदेशात, आणि जोखीम घेणारा तिथे, असा हा व्यवहार आहे.

रिफायनरी हवी की नको हा माझ्या लेखाचा विषय नाही. सित्र्याची रिफायनरी १९३६ पासून चालू आहे आणि आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल तेलावरच पेटली. राजापूरच्या प्रकल्पात सौदी अरामको आणि अबुधाबीची अॅडनॉक यांनी भागीदारीचे करार केले होते. अरामकोचं मुख्यालय तर कॉजवे ओलांडला की धहरानला. तेव्हा तेलाचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. प्रकल्पाच्या बाजूनं असलेल्यांनाही जमीन कोणी, कधी, किती भावानं घेतली हे कळायला हवं. खरं तर त्यांना जास्तच हवं, कारण कामाचा प्रकल्प बदनाम होतो तो अशाच व्यवहारांनी.

आणि मुलांनो, तुम्ही इथे जन्मलात, इंडियन स्कूलमध्ये शिकलात, गाव तुमच्यासाठी मे महिन्यातला उकाडा आणि फणस एवढंच असेल. पण उद्या त्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागणार आहे ते तुमचं. तेव्हा त्या गावात सही करण्यापूर्वी खरं सांगणारं कुणी उरलेलं असेल की नाही, हा प्रश्न तुमचाच आहे.

तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. आपला अंक द्विभाषिक आहे याचं आपल्याला कौतुक असतं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ हेही द्विभाषिकच होतं; मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापलेलं. ६ जानेवारी १८३२ ला ते सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीचे होते, आणि त्यांचं पोंभुर्ले गाव राजापूरपासून फार लांब नाही. त्यांच्या स्मरणार्थ ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन पाळतात. वारिशे यांच्यावर गाडी घातली गेली ती त्यानंतर बरोबर महिन्यानं. आपल्या पत्रकारितेत तुरुंगही नवा नाही. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध छापल्याबद्दल. ज्या पत्रांच्या आधारे त्यांनी छापलं ती पत्रं बनावट निघाली होती, हेही मुद्दाम सांगते. वार्ताहराकडे कागद पाठवणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. तुम्ही फॉरवर्ड केलेला खोटा कागद त्याला तुरुंगात घालू शकतो.

म्हणूनच परदेशातून गावच्या पत्रकाराला माहिती देताना थोडी काळजी घ्या. कागद मूळ आहे की नाही ते आधी पाहा. ‘अमक्या पत्रकाराला मी सगळं दिलंय, आता बघा’ असं गावच्या ग्रुपवर लिहू नका. तो ग्रुप त्या माणसाच्या विरोधकाकडेही असतो. त्याच्यासोबत सेल्फी टाकू नका. तुमच्या भाऊबंदकीत त्याला ओढू नका. आणि बातमी छापून आल्यावर तुम्ही विमानात बसलेले असाल, तो मात्र तिथेच, त्याच रस्त्यानं दुचाकीवरून घरी जाणार आहे, हे त्याला फोन करण्याआधी आठवा. कात्रण पुढे पाठवायचं तर पेपरचं नाव कापू नका. परवडत असेल तर त्या पेपरची वर्गणी भरा. जिल्ह्याच्या पेपरची वर्षाची वर्गणी म्हणजे इथल्या एका कुटुंबाचं बाहेरचं एक जेवण.

मंडळाच्या कार्यकारिणीला मी दोन सूचना दिल्या आहेत. एक, आपल्या वाचनालयासाठी कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश अशा प्रत्येक भागातलं निदान एक छोटं वृत्तपत्र वर्गणी भरून घ्यावं, फुकटची पीडीएफ नको. दोन, येत्या ६ जानेवारीला एखाद्या तालुक्याच्या वार्ताहराला ऑनलाइन बोलायला बोलवावं आणि त्याला नाटकवाल्यांना देतो तसं रीतसर मानधन द्यावं. बोलायचा विषय त्यानं ठरवावा. त्याला काही सांगायचं नसेल तर आपण नुसते प्रश्न विचारू, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर देणं त्याला सोयीचं नसेल तो प्रश्न सोडून देऊ. मुलांना कळावं म्हणून त्याच्या बोलण्याचा इंग्रजी सारांश करून द्यायला दोन जणांनी होकार दिला आहे.

अडचण एकच आहे. कुणाला बोलवायचं ते अजून ठरलेलं नाही. गेल्या महिन्यात मी वीसेक जणांना विचारलं, तुमच्या तालुक्याच्या वार्ताहराचं नाव काय? आमदाराचं नाव सगळ्यांनी सांगितलं. वार्ताहराचं नाव तिघांना सांगता आलं. तुम्हाला माहीत असेल तर मंडळाच्या सचिवांना कळवा. नसेल तर या दिवाळीत गावी फोन कराल तेव्हा विचारून घ्या.